राजमान्य राजेश्री ‘काही विद्वान’ यांस

मुक्काम मिरजगाव, तालुका कर्जत येथून एका निवृत्त शिक्षकाचा साष्टांग नमस्कार. विज्ञापना ऐसीजे, आपला ठावठिकाणा कोणासच ठाऊक नसल्यामुळे हे पत्र उघडेच धाडीत आहे.

‘काही विद्वानांच्या मते’ एवढे म्हटले की मराठी प्रबंधात कोणतेही विधान सिद्ध होते. आणि तरीही स्वतःचे नाव, ग्रंथ, आवृत्ती वा पृष्ठ यांचा कोठे बोभाटा होऊ न देण्याचा जो विनय आपण आजवर राखला, त्याची सर इतिहासाचार्य राजवाड्यांनाही आली नाही. त्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडामागून खंड काढून मूळ कागदच वाचकापुढे मांडण्याचा हट्ट धरला. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशास, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा ज्ञानदेवांनीसुद्धा व्यासांचे आणि भाष्यकारांचे ऋण उघड कबूल केले. पुढे शके 1506 मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. आपला परिचय असता, तर दोघांचेही श्रम वाचले असते.

इकडचे शेतकरी मात्र अद्याप मागासलेले. बांधाच्या तंट्यात ‘काही जाणत्यांच्या मते विहीर आमची’ असे म्हणत तलाठ्यापुढे उभा राहिलेला इसम माझ्या पाहण्यात नाही. जुन्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ एक बारीक आकडा वर्तुळात कोंडलेला असे, तो फेरफाराचा. तो धरून गाव नमुना सहा उघडला, की जमीन वारसाने आली की खरेदीने, कोणत्या तारखेस, नोंद कोणी मंजूर केली, हे सारे हाती येई. दोन गुंठ्यांसाठी एवढा खटाटोप! ज्ञानावर शेतसारा नाही, म्हणून प्रबंधकारांस असा खटाटोप करावा लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारचा एक होतकरू तरुण आपला प्रबंध शुद्धलेखनासाठी माझ्याकडे घेऊन आला. त्यात ‘काही विद्वानांच्या मते ज्ञानेश्वरीचा काल शके 1221 होय’ असे वाक्य आढळले. ज्ञानदेवांनी समाधी घेतली शके 1218 मध्ये. म्हणजे समाधीनंतर तीन वर्षांनी ग्रंथ झाला. हे विद्वान कोण, असे विचारता तो निरागसपणे म्हणाला, “सर, ते सगळीकडेच असतात.”

त्या रात्री झोप लागेना. उठून माळ्यावरची ट्रंक उघडली आणि आमच्या शाळेचा एक जुना वार्षिकांक काढला. त्यात ज्ञानेश्वरीवर माझाच एक लेख आहे. खिळे जुळविणाऱ्याने 1212 चे 1221 केले, आणि मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडेच होते.

तरी कृपा करून आपला पत्ता कळविण्याची तसदी घेऊ नये, आणि त्या तरुणासही तो कळू देऊ नये. बहुत काय लिहिणे?

आपल्यांपैकीच एक