शेवटचा हात

निवृत्त झालेला माणूस सोसायटीच्या कमिटीत तरी शिरतो, नाहीतर कलेत. आमच्या बिल्डिंगमधले चित्रकार काका बँकेतून सुटले ते थेट तैलरंगात शिरले. काकूंच्या मते कमिटी स्वस्त पडली असती.

हौशी जलरंगवाला परवडतो हो. कागद वाळला की विषय संपला. तैलरंगाचं तसं नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं, त्यामुळे जाड थर दिलेला कॅनव्हास दिवसचे दिवस ओला राहतो आणि तोवर घरच्यांनी अंग चोरून वावरायचं. भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोत काकूंच्या पैठणीवर जो निळा डाग दिसतो, तो अल्ट्रामरीन. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचा तेलाने जड; उलटं केलं तर वरचा आधी वाळतो आणि मग तडकतो, हा नियम काका लिफ्टमध्येसुद्धा समजावून सांगतात. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली तरी दार धरून ठेवतात.

काकांना ज्ञान भरपूर आहे, यात वाद नाही. निरांजन घेतलेल्या बाईच्या त्या प्रसिद्ध चित्राला कोणी 'रविवर्म्याचं' म्हटलं की ते उसळतात. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, हे ठणकावून सांगतात. ते जलरंगातलं आहे, एवढं मात्र जरा हळू आवाजात.

पोर्ट्रेटला माणूस मिळणं कठीण. नातेवाईक एकदाच बसतात. मग वॉचमन. तो बिचारा पगारात बसलेलाच असतो. नाक जमलं की ओठ बिघडतात, ओठ सुधारले की डावा डोळा वर सरकतो, आणि शेवटी वॉचमनचा थोरला भाऊ तयार होतो. "साम्य काय, फोटोतही येतं. मी कॅरेक्टर धरतोय," असं काका म्हणतात. माझ्या पाहण्यात ज्यांना साम्य जमत नाही, ते सगळे कॅरेक्टरच धरत असतात.

खरी मजा आउटडोअरला. काका वाईजवळ मेणवलीला जातात. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेवरचा चंद्रकोरी घाट, देवळापाशी टांगलेली ती पोर्तुगीज घंटा. चित्रकाराला आणखी काय हवं? फोल्डिंग इझल, छत्री, टोपी, ट्यूबांची पेटी, चिंध्या, आणि उपमा. एवढा संसार पायऱ्या उतरून खाली न्यायला मी असतो.

एका सकाळी मी मुद्दाम शेजारी बसून पाहिलं. काकांनी मोठा चपटा ब्रश घेतला आणि सपासप पायऱ्यांवरचं पिवळट ऊन लावलं. देवळाच्या भिंतीवर जांभळट सावली एका दमात ओढली. पाणी म्हणून नुसते दोन आडवे हात. साडेआठ वाजले होते आणि कॅनव्हासवर चक्क सकाळ होती! मी म्हटलं, "काका, झालं की."

"अहो, आत्ता कुठे सुरुवात."

आणि छोटा ब्रश बाहेर आला. सूर्य कोणासाठी थांबत नाही. उघड्यावर दोन तासांत सावल्या जागा सोडतात. म्हणून जाणते लोक सावलीची जागा आधी पक्की करतात आणि मग तिच्याकडे बघतच नाहीत. काका सावलीच्या मागे मागे गेले. दहाला देवळाची सावली हलवली, पायऱ्यांची तशीच राहिली. चित्रात दोन सूर्य उगवले. मग घंटा घातली, तिला हायलाइट दिला. ती दुधी भोपळ्यासारखी दिसू लागली, म्हणून आणखी एक हायलाइट. धुणं धुणारी बाई आली, तिच्या बांगड्या आल्या. ओल्यावर ओलं चढत गेलं आणि रंग मळले. शाळेतलं एक पोरगं बराच वेळ उभं होतं. ते म्हणालं, "मघाशी भारी होतं." काकांनी त्याला परस्पेक्टिव्ह समजावला.

त्या पोराइतका नेमका समीक्षक मला प्रदर्शनांतही भेटलेला नाही. काकांना चित्र येतं हो! रोज साडेआठपर्यंत येतं. त्यांना येत नाही ते थांबणं. 'फक्त शेवटचा हात' या नावाखाली त्यांनी किती चांगली चित्रं पुरली असतील, देव जाणे.

तेव्हा तुमच्या बिल्डिंगमधल्या अशा कोणी काकांनी "जरा बसता का?" म्हणून विचारलं तर जरूर बसा. तासाभराने मात्र गॅसवाला आलाय म्हणून उठा, आणि जाता जाता कॅनव्हास दाखवायच्या निमित्ताने घरी घेऊन या. ओला असेल, मागच्या पट्टीला धरा.