आधीचा मालक

इंग्लंडातल्या कुठल्याही गावात हा गृहस्थ भेटतो. निवृत्त, अंगात बॉयलर सूट, नखांत ग्रीस. गॅरेजात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली एमजीबी. बायकोची जपानी गाडी बाहेर पावसात. ती बिचारी चालते, म्हणून तिला छप्पर नाही. एमजीबीचे सुटे भाग आणायला हा तीच घेऊन जातो.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला तिकडचं सरकार रस्ताकर आणि वार्षिक तपासणी माफ करतं. याला तपासणीची माफी नकोच आहे, हा रोज तपासतो. गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर निर्धास्त. दिसला नाही तर मात्र घाबरून डिपस्टिक काढतो; गळायलासुद्धा तेल उरलं नसेल तर?

टॅपेट जुळवणं हा नित्यनेम. व्हॉल्व्ह आठ. आठवा पूर्ण उघडला की पहिल्याची फट मोजायची, सहावा उघडला की तिसऱ्याची. बेरीज नऊ आली पाहिजे. फट इंचाच्या पंधरा हजारांश, आणि फीलर गेज किंचित अडत सरकली पाहिजे. या ‘किंचित’वर अख्खी दुपार जाते. मग दोन एसयू कार्ब्युरेटर. दोन्ही सारखीच हवा ओढतात का? रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. “मागचा जास्त फुसफुसतोय,” असं तो गंभीरपणे सांगतो. बायको जेवायला हाका मारते तेव्हा नळी हमखास कानात असते.

शेजारी हेन्सचं पुस्तक उघडं. सुटं कसं करायचं ते सचित्र, पानंच्या पानं. परत बसवणं एका ओळीत उरकलेलं. त्या एका ओळीत याचे दोन हिवाळे गेलेत.

मी एकदा म्हणालो, आमच्या अँबॅसिडरमधलं १४८९ सीसीचं इंजिन तुमच्या बी-सिरीजच्याच घराण्यातलं. त्याचे डोळे चमकले. “मग हेड कोण काढायचं? वडील?”

“छे, मिस्त्री.”

तो गप्प झाला. घरात इंजिन असून ते दुसऱ्याला उघडू द्यायचं! माझ्या वडिलांची त्याला मनापासून कीव आली असावी.

काही बिघडलं की दोषी एकच: आधीचा मालक. बोल्टचे आटे गेलेत? आधीचा मालक. हिरव्या वायरला लाल वायरचं ठिगळ? आधीचा मालक. गॅस्केटला पसाभर सीलंट? “अशा माणसाच्या हातात पाना दिलाच कोणी!” ऐकून ऐकून मलाही त्या अनोळखी इसमाचा राग यायला लागला. परवा चहा घेऊन आलेल्या बाईंना मी विचारलंच, यांनी गाडी घेतली तरी कोणाकडून?

“शोरूममधून,” त्या म्हणाल्या. “१९७४ साली. कोरी करकरीत.”