कळवण्यास अत्यंत आनंद होतो की

राज्य सरकारच्या लॉटरीविरुद्ध आमची जुनी तक्रार आहे. तिच्यात अगत्य म्हणून नाही. तिकीट आपण विकत घ्यायचे, पाकिटात जपायचे, सोडतीची तारीख आपणच लक्षात ठेवायची, निकालाच्या कागदात आपणच डोके खुपसायचे. आणि नंबर लागला नाही की स्टॉलवाला वर न बघता पुढच्या सोडतीचे तिकीट समोर धरणार. लागलाच, तर तो भाग्यवान आपणच आहोत हे खात्याला पटवायचे. मूळ तिकीट आणा, अर्ज भरा, ओळखपत्र दाखवा, पॅन दाखवा. 1969 साली महाराष्ट्राची लॉटरी सुरू झाली. तेव्हापासून आजवर खात्यातल्या एखाद्या साहेबांनी रात्री साडेनऊला फोन करून कुणाचे अभिनंदन केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

उलट त्या दुसऱ्या लॉटरीचा जिव्हाळा पाहा. तिला तिकीट लागत नाही. तुमच्याकडे सिमकार्ड आहे, एवढी पात्रता पुरते. व्हॉट्सॲपवर चित्र येते: एका कडेला अमिताभ बच्चन, दुसऱ्या कडेला पंतप्रधान, मध्ये नोटांच्या थप्प्या, खाली बँकेचे बोधचिन्ह आणि दोन-तीन गोल शिक्के. इतके शिक्के तर आमच्या सातबाऱ्यावरही नाहीत. रक्कम बहुधा 25 लाख. सोबत हिंदीतला आवाज येतो, की मी ‘कौन बनेगा करोडपती’च्या मुंबई ऑफिसातून बोलतोय. नंबरची सुरुवात पुष्कळदा +92 ने झालेली असते, म्हणजे पाकिस्तानच्या कोडने. मुंबईतले जागांचे भाव पाहता ऑफिस तिकडे हलवले असेल, हे आम्ही समजू शकतो. त्या कार्यक्रमात पैसे मिळवायला प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. इथे प्रश्न विचारायचा नाही, एवढीच अट.

आणखी एक अट असते, ती घरगुती. ‘कुणाला सांगू नका, नाहीतर लॉटरी रद्द होईल.’ बायकोला नाही, मुलाला नाही, बँकेतल्या ओळखीच्या कारकुनाला तर मुळीच नाही. आता खरी लॉटरी कशी वागते पाहा. एखाद्या स्टॉलवरच्या तिकिटाला मोठे बक्षीस लागले, की तो स्टॉलवाला फलक रंगवून घेतो आणि पुढची कित्येक वर्षे तो उतरवत नाही. त्याच्या दृष्टीने विजेत्याचा एकच उपयोग, बोंब ठोकायला. ज्या बक्षिसाची बोंब ठोकायला मनाई आहे, ते देणाऱ्याला गिऱ्हाईक वाढवायचे नसून आहे तेच सोलायचे आहे, एवढे समजायला पोलिसात असावे लागत नाही.

पण फोन आला म्हणजे खोटेच, असाही सोपा नियम करता येत नाही. अबू धाबीचे ‘बिग तिकीट’वाले सोडत चालू असतानाच मंचावरून विजेत्याला फोन लावतात. तिकडे भारतीयांना बक्षीस लागल्याच्या बातम्या वरचेवर येतात, आणि काही विजेते तर कुणीतरी थट्टा करतोय असे समजून फोन ठेवून देतात. कोट्यधीश झालेल्या माणसाला ते पटवता पटवता निवेदकाचा घसा बसतो. फरक इतकाच, की त्या माणसाने आधी तिकीट काढलेले असते. न काढलेल्या तिकिटाला नंबर लागण्याची सोय जगातल्या कुठल्याही खऱ्या लॉटरीने अजून केलेली नाही.

खरी परीक्षा कराची. केरळची लॉटरी 1967 पासूनची, देशातल्या सरकारी लॉटऱ्यांमध्ये सगळ्यांत थोरली. 2022 च्या ओणम बंपरचे पहिले बक्षीस 25 कोटी होते. तिकीट 500 रुपयांचे आणि छापलेली तिकिटे सुमारे 67 लाख. तेव्हा आपली शक्यता किती हा हिशेब करायला कॅल्क्युलेटर घेऊ नये, मन खट्टू होते. तर त्या 25 कोटींतून एजंटाचे 10 टक्के गेले, उरलेल्यावर 30 टक्के कर गेला, आणि विजेत्याच्या वाट्याला 15 कोटी 75 लाख राहिले. सरकारने ही कापाकापी परस्पर केली. ‘आधी तुझ्या खिशातून सव्वानऊ कोटी आण, मग 25 देतो’ असे कुणी म्हटले नाही. सरकारला आपल्या पैशाची हाव किती आहे हे काय सांगायला हवे. पण ते बक्षिसातूनच कापते. लोकांनी आधी भरावे आणि मग मिळण्याची वाट पाहावी, एवढा विश्वास लोकांचा आपल्यावर नाही, हे त्याला ठाऊक असावे.

दुसऱ्या लॉटरीचा मॅनेजर आयकराचा गाढा अभ्यासक असतो. त्याला 30 टक्के तोंडपाठ. पण तो सुरुवात सौम्य करतो: फाइल चार्ज, काही हजार, तोही परत मिळणारा. ते आले की जीएसटी, मग बँकेचे क्लिअरन्स. 25 लाखांतूनच कापून घ्या ना, असे म्हटले की तो दुखावतो. नियमात बसत नाही म्हणतो. आणि गंमत म्हणजे त्याच्या बोलण्यात चिमूटभर सत्य असते: बक्षीस रोख नसून मोटारीसारखी वस्तू असेल, तर कराची सोय आधी व्हावी लागते. म्हणून तर घरी पाकीट येते, आत स्क्रॅच कार्ड, ते खरवडले की हमखास मोटारगाडीच निघते. (चहाची गाळणी निघाल्याचे एकही प्रकरण आम्ही ऐकलेले नाही.) पण तो कर आयकर खात्यात जमा होतो, कुणा शर्माजींच्या यूपीआयवर नाही.

रिझर्व्ह बँकेवर तर दया येते. गव्हर्नरांच्या सहीची, खास त्यांनी पाठवल्यासारखी ईमेलपत्रे फिरतात, ‘आपली रक्कम आमच्याकडे जमा आहे’ म्हणून. बँक वर्षानुवर्षे सांगतेय, की आम्ही व्यक्तींची खाती ठेवत नाही, असले पैसे आमच्याकडे नाहीत. ऐकतो कोण? पूर्वी ब्रिटनच्या लॉटरीत आपल्या ईमेल पत्त्याला बक्षीस लागायचे. तेव्हाही नियम हाच होता, की परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी इथून पैसे पाठवण्यास परकीय चलन कायद्याखाली मनाई आहे. म्हणजे ती लॉटरी खरी निघाली असती तरी पैसे पाठवणारा गुन्हेगारच ठरला असता.

खऱ्या लॉटरीचे लक्षण कायद्यात लिहिलेले आहे. 1998 चा केंद्राचा कायदा सांगतो, की तिकिटावर राज्याचे नाव आणि चिन्ह हवे, सोडत राज्यानेच काढायची, राज्याच्या हद्दीतच काढायची, जमा पैसा राज्याच्या खात्यात. एक अंकी लॉटरी बंद. कायदा नीट आहे. मात्र म्हणून सरकारी स्टॉलसमोर हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. मुंबईत कापसाच्या भावावरून सुरू झालेला मटका बोकाळला, लोक आकड्यांमागे लागले, म्हणून लोकांना सन्मार्गाला लावण्यासाठी सरकारने काय केले, तर स्वतःचे आकडे काढले. सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली सांगून टाकले, की राज्याने चालवली म्हणून लॉटरीचा जुगारपणा जात नाही. जीएसटी परिषदेत सगळे निर्णय एकमताने होत. पहिल्यांदा मतदान घ्यावे लागले ते डिसेंबर 2019 मध्ये, आणि ते लॉटरीवरच्या कराच्या दरावर. शिक्षण नव्हे, औषधे नव्हेत, लॉटरी! तेव्हा 28 टक्के ठरलेला तो दर सप्टेंबर 2025 मध्ये 40 झाला. आणि निवडणूक रोख्यांची यादी 2024 च्या मार्चमध्ये उघड झाली, तेव्हा सर्वांत मोठा खरेदीदार निघाला तो लॉटरीच्या धंद्यातला: फ्यूचर गेमिंग, 1,368 कोटी. लॉटरीत पैसा नाही असे कोण म्हणतो? तिकीट कुठल्या बाजूने धरलेय, त्यावर आहे.

तरीही खऱ्या लॉटरीत 100 रुपये घालवणारा 100 च घालवतो. तिकीट फाडले की प्रकरण संपले. दुसरीत फाइल चार्ज भरलेला माणूस जीएसटी भरतो, कारण न भरला तर फाइल चार्ज बुडेल. मग क्लिअरन्स भरतो, कारण आता दोन्ही बुडतील. त्याला कुणी लोभी म्हटले की आम्हाला पटत नाही. दुसऱ्या हप्त्यापासून तो 25 लाखांसाठी लढतच नसतो, आपल्या पहिल्या आठ हजारांसाठी लढत असतो.

अशा वेळी 1930 हा सायबर गुन्ह्यांचा नंबर लगेच, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आत फिरवायचा असतो. बहुतेक जण फिरवत नाहीत. लाज वाटते, घरी कळेल ही भीती असते. मग काही दिवसांनी त्यांना आपणहून एक फोन येतो. पलीकडे अत्यंत सहानुभूतीने बोलणारे अधिकारी असतात. तुमचे बुडालेले पैसे सापडले आहेत, म्हणतात. परत मिळतील. फक्त प्रोसेसिंग फी तेवढी आधी भरावी लागेल.