उतरायचं कशाला?

लंडनमध्ये शहर दाखवणाऱ्या लाल, बिनछपराच्या दुमजली बस फिरतात. चोवीस तासांचं तिकीट काढायचं, वाटेल त्या थांब्यावर उतरायचं, मनसोक्त बघायचं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढायचं. हॉप ऑन, हॉप ऑफ. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली तो माणूस डोंबिवलीचा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. मिळालेल्या खिडकीवरून आपण होऊन उठायचं आणि पुढच्या गाडीत नव्याने जागा शोधायची, हे मध्य रेल्वेच्या पासधारकाला स्वप्नातही सुचणार नाही.

आमची अख्खी नोकरी चौथ्या सीटवर गेली. चौथी सीट म्हणजे बसणं नव्हे, टेकणं. आणि इथे वरचा मजला, सगळ्यात पुढची जागा, शेजारी बायको, मांडीवर कुणाची बॅग नाही आणि कानाशी भजनी मंडळ नाही! पाठ टेकताक्षणी मी ठरवून टाकलं, आता थेट शेवटच्या थांब्यालाच उठायचं. तेवढ्यात कळलं की बस गोल फिरते, तिला शेवटचा थांबाच नाही. आनंद दुणावला.

ही मात्र पहिल्याच थांब्यापासून चुळबुळ करायला लागली. ‘‘अहो, उतरू या ना. तिकिटात आहे उतरणं.’’

‘‘तिकिटात बसणंही आहे,’’ मी म्हटलं.

बसमध्ये हेडफोन देतात. भाषांच्या यादीत मराठी नव्हती, म्हणून इंग्रजी लावलं. आता लंडनची वाहतूक आणि निवेदकाचा वेग यांचं काही जमत नाही. तो ट्रॅफल्गार स्क्वेअरमधल्या नेल्सनचं वर्णन करत असतो तेव्हा आपल्यासमोर औषधाचं दुकान असतं, आणि प्रत्यक्ष नेल्सन आला की कानात नुसतं संगीत. औषधाच्या दुकानाकडे मी बराच वेळ आदराने बघत होतो.

पण ऐकलेलं वाया गेलं नाही. मार्बल आर्च ही कमान म्हणे मुळात बकिंगहॅम राजवाड्याचं दार म्हणून बांधली होती. 1851मध्ये ती तिथून हलवून हाइड पार्कच्या कोपऱ्याशी आणली. आता मागे राजवाडा नाही, सभोवार गाड्यांची वर्दळ. नदीकाठची ‘क्लिओपात्राची सुई’ तिच्या जन्माआधी जवळजवळ चौदाशे वर्षं इजिप्तमध्ये घडवलेली. ती 1878मध्ये इथे उभी केली. तिच्या रखवालीला दोन्ही बाजूंना ब्राँझचे स्फिंक्स आहेत, पण बाहेर बघायचं सोडून दोघेही सुईकडेच तोंड करून बसलेत. ‘‘यांना कामावर ठेवलं कुणी?’’ ही म्हणाली.

लंडन ब्रिजचं तर विचारूच नका. 1831 सालचा जुना पूल यांनी 1968मध्ये एका अमेरिकन माणसाला विकला. त्याने दगड नेऊन तो ॲरिझोनात, लेक हवासू सिटीत उभा केला. म्हणजे या शहरात कमानी उठतात, पूल उठतात. मी उठत नाही एवढंच हिला खुपत होतं.

टॉवर ऑफ लंडन आला तेव्हा गोष्टी हातघाईवर आल्या. आत कोहिनूर आहे. मी हिला पंढरपूरची आठवण दिली. पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहता येतं, आणि मुखदर्शन घेऊन वेळेत जेवायलाही जाता येतं. पुण्यात फरक पडत नाही. आत राजमुकुटांसमोर तर सरकता पट्टा आहे. म्हणजे बडव्यांनी पुढे ढकलायचं काम यंत्राकडे दिलंय. त्यापेक्षा आपलं मुखदर्शन बरं. ही काही बोलली नाही. हिचं न बोलणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मग पाऊस आला. लंडनला पावसाची दवंडी लागत नाही. वरचा मजला बघता बघता रिकामा झाला. ही खाली गेली आणि छत्री मात्र हिच्या पिशवीत. छत्री आणण्यापुरतं उठणं भाग होतं. एसटीत जे करतो तेच केलं. सीटवर रुमाल टाकला.

परत येतो तो पाऊस थांबलेला आणि माझ्या जागेवर पांढऱ्या केसांच्या एक आजीबाई. त्यांनी हसून माझा रुमाल घडी घालून माझ्या हातात दिला. ‘‘तुमचा हा इथे पडला होता.’’ वर, हरवला नाही हे नशीब, असंही म्हणाल्या. जिथे रुमालाने नाक पुसतात त्या देशाशी भांडणार कसं? मी त्यांचे आभार मानले.

तिथून पुढे आम्ही उतरलो, चढलो, पुन्हा उतरलो. जागाच गेल्यावर माणूस पर्यटक व्हायला मोकळा होतो. सेंट पॉलचा घुमट खालून बघितला, मॉन्युमेंटच्या 311 पायऱ्या मोजायला हिला वर पाठवलं. 1666च्या आगीची आठवण म्हणून उभारलेला हा खांब 202 फूट उंच आहे, आणि आग लागली ती पुडिंग लेनमधली बेकरीही खांबापासून तेवढ्याच अंतरावर होती. आडवं अंतर मी बघून घेतलं.

संध्याकाळी आणखी एक शोध लागला. तिकीट चोवीस तासांचं, पण बस दिवस मावळायच्या सुमारास बंद. रात्रीचे तास आपण हॉटेलच्या गादीवर वसूल करायचे.

रात्री भाच्याचा फोन. ‘‘मामा, तुम्ही साधी 15 नंबर का नाही घेतली? ट्रॅफल्गार स्क्वेअरवरून निघते, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल, मॉन्युमेंट करत टॉवरला जाते. एकदा भाडं दिलं की तासाभरात कितीही बस बदला.’’

दुसऱ्या दिवशी घेतली. दुमजली आहे, छप्पर आहे, हेडफोन नाही. लंडनला गेलात तर वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसा, आणि छत्री स्वतःजवळ ठेवा.