बर्लिनचं वऱ्हाड

“बहिणीवरून बोलला म्हणे तो! मग टक्कर नाही मारणार तर काय ओवाळणार?”

कुंपणापलीकडून जिभाऊंनी आधी निकाल दिला, खटला नंतर सांगितला. नातवाने त्यांना मोबाइलवर २००६च्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल दाखवली होती. बर्लिन, ९ जुलै, इटली विरुद्ध फ्रान्स. टकल्या झिदान चालता चालता मागे वळतो आणि इटलीच्या मार्को मातेराझ्झीच्या छातीत डोकं घालतो. दोन तासांच्या खेळातला तेवढाच भाग जिभाऊंनी फिरवून फिरवून पाहिला होता. आमचे जिभाऊ जन्माचे तांबट. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हयात गेलेली. घाव कुठे बसला आणि केवढा बसला, हे त्यांना लांबूनच कळतं.

“घाव बरोबर मधोमध बसलाय, मास्तर. आवाज ऐकू आला नाही, पण कळतो.”

वहिनी खाटेवरचे बिबडे उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पंचानं हाकललं कोणाला?”

“झिदानला. लाल कार्ड. ११०वं मिनिट होतं, आणि ती त्याच्या आयुष्यातली शेवटची मॅच.”

“आणि बोलणारा?”

“तो राहिला मैदानात. नंतर चषकही उचलला.”

“माय वं! म्हणजे आपल्या भावकीसारखंच. काडी टाकणारा घरी जेवायला बसतो आणि हात उगारणारा चौकीत.”

वहिनींपुढे फिफाची शिस्त समिती काय टिकणार! तरी मी समितीचा निवाडा सांगितला. झिदानवर तीन सामन्यांची बंदी, मातेराझ्झीवर दोन सामन्यांची. झिदान तर खेळणंच सोडून बसलेला, मग बंदी लावणार कशावर? त्याने बदल्यात मुलांसाठी समाजसेवा केली. बोलणाऱ्यालाही शिक्षा झाली हे ऐकून वहिनी जराशा नरमल्या. “दोन का होईना, झाली ना,” म्हणाल्या आणि बिबड्यांकडे वळल्या.

पण त्या मॅचमध्ये मातेराझ्झी नुसता तोंडाळ नव्हता, हे मला सांगायचंच होतं. सातव्या मिनिटाला त्याने फ्रान्सच्या मालुदाला पाडलं म्हणून फ्रान्सला पेनल्टी मिळाली. झिदानने ती अशी अलगद उचलून मारली की चेंडू आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या आत पडला आणि परत बाहेर आला. १९व्या मिनिटाला पिर्लोच्या कॉर्नरवर डोक्याने बरोबरीचा गोल कोणी केला? याच मातेराझ्झीने. पुढे भांडण त्याच्याशीच, आणि शेवटी पेनल्ट्यांची वेळ आली तेव्हा बिनचूक मारणाऱ्यांतही तो होताच. इटली ५-३ने जिंकली. फ्रान्सची चुकली ती एकच. दाविद त्रेझेगेचा फटका दांड्यावर आदळला आणि खाली येऊन रेषेबाहेरच पडला. समोर गोलरक्षक बुफोन. दोघंही युव्हेंटसचे, म्हणजे वर्षभर एकाच क्लबात सराव करणारे.

“मग त्याला त्याची खोड ठाऊक असणार,” जिभाऊ म्हणाले. “घरचा भेदी.”

“भेदाची गरजच नव्हती हो. दांड्यालाच लागला.”

“दांड्याला लागला म्हणजे नशीब. नशिबापुढे कोणाचं चालतं!” नशिबाचा विषय निघाला की जिभाऊ दोन-दोन तास हलत नाहीत. म्हणून मी घाईने पुढची गोष्ट काढली. ती मी बरेच दिवस राखून ठेवली होती.

“जिभाऊ, ज्या फायनलसाठी तुम्ही मोबाइल तापवलात ना, तिचं अर्धं वऱ्हाड पुढे आपल्याच देशात येऊन उतरलं. त्रेझेगे तर पुण्यात.”

“काय सांगस!”

खरंच आहे. २०१४च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली. युरोपात नाव कमावून झालेले, पण पायांत अजून थोडी धग असलेले खेळाडू पैसे मोजून आणले गेले. एफसी पुणे सिटीने त्रेझेगेला घेतलं. प्रशिक्षकही इटलीचा, फ्रांको कोलोम्बा. इटलीतल्या फ्लोरेन्स शहराचा फिओरेन्तिना क्लब त्या संघात भागीदार होता. घरचं मैदान बालेवाडीचं, आणि मालकांत हृतिक रोशन.

“तो नाचणारा?” वहिनींनी आता मात्र मान वर केली. “मग पोरी गेल्या असतील बघायला. बिचाऱ्या फ्रान्सवाल्याकडे कोण बघतंय!”

वहिनींचं फार चुकलं नाही. त्या पहिल्या वर्षी गॅलरीत कोण बसलंय याची चर्चा मैदानावर कोण आहे याच्यापेक्षा जास्त होती. २००० साली युरो स्पर्धेच्या फायनलमध्ये याच इटलीविरुद्ध जादा वेळेत गोल मारून फ्रान्सला जिंकून देणारा माणूस बालेवाडीत धावत होता, आणि आपण बघत होतो सिनेमावाल्यांकडे. तेव्हा नियम असा की जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ तिथेच खलास. म्हणजे सहा वर्षांत एकाच माणसाने एकाच देशाला एकदा रडवलं आणि एकदा हसवलं.

बाकीचं वऱ्हाड? अलेस्सांद्रो देल पिएरोने बर्लिनच्या त्या पेनल्ट्यांत इटलीकडून चौथा फटका गोलात घातला होता. तो २०१४ला दिल्लीकडून खेळला. मातेराझ्झी चेन्नईला प्रशिक्षक आणि खेळाडू अशा दोन्ही टोप्या घालून आला. आल्यावर त्याने इटलीचा जुना सोबती नेस्ताला बोलावून घेतलं. नेस्ता २००६च्या संघात होता, पण दुखापतीमुळे फायनलला मुकला. त्याच चेन्नईत फ्रान्सचा सिल्वेस्त्रही होता. तोही बर्लिनला राखीव बाकावर बसलेला. मालुदा, ज्याला पाडल्यामुळे पेनल्टी मिळाली तोच, २०१५ला दिल्लीत आला. आणि २०१६ला दिल्लीचा प्रशिक्षक झाला जांलुका झांब्रोता, इटलीच्या विश्वविजेत्या फळीतला बचावपटू. म्हणजे दहा वर्षांनी हरलेला मालुदा जिंकलेल्या झांब्रोताच्या शिट्टीवर दिल्लीत सराव करत होता.

“आणि टक्करवाला?”

“झिदान नाही आला खेळायला.”

“शहाणा म्हणायचा. समोर चेन्नईवाला दिसला असता तर परत डोकं फिरलं असतं.”

आता गोव्याची गोष्ट. हिच्यासाठी मी चहा थंड होऊ दिला. २० डिसेंबर २०१५, मडगावजवळचं फातोर्डा स्टेडियम, लीगची दुसरी फायनल. एफसी गोवा विरुद्ध मातेराझ्झीची चेन्नई. गोव्याचा प्रशिक्षक ब्राझीलचा झिको. गोव्याच्या मालकांत विराट कोहली, चेन्नईच्या मालकांत अभिषेक बच्चन आणि धोनी. कोहली-धोनी म्हटल्यावर जिभाऊ खुर्ची ओढून कुंपणाला टेकले. फुटबॉल नाही कळला तरी चालेल, क्रिकेटवाले दिसले पाहिजेत. आपल्याकडे हे असंच आहे.

चेन्नईचा त्या वर्षी प्रवासच भलता. मोसमाच्या मध्यात संघ तळाला. मग डिसेंबरात शहरात महापूर. स्वतःच्या मैदानावर उपांत्य सामना घेता येईना, म्हणून तो आपल्या पुण्याच्या बालेवाडीत खेळवला. कोलकात्याला त्यांनी तिथे ३-०ने हरवलं. कोलकात्याच्या परतीच्या सामन्यात १-२ने हरले, पण एकूण गोलांत पुढे राहिले आणि गोव्यात पोचले.

फायनलमधला माणूस मात्र मातेराझ्झी नव्हता. तो होता गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी. ५४व्या मिनिटाला चेन्नईला पेनल्टी मिळाली, पेलिस्सारीने मारली, कट्टीमणीने अडवली. चेंडू परत पेलिस्सारीच्याच पायात, गोल. चार मिनिटांत गोव्याच्या हाओकिपने बरोबरी केली. मग चेन्नईला आणखी एक पेनल्टी. मारायला मेंडोझा, त्या मोसमात सगळ्यांत जास्त गोल करणारा. कट्टीमणीने तीही अडवली! ८७व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक थेट जाळ्यात, गोवा २-१. फातोर्डाला तेव्हा काय वाटलं असेल, याचा अंदाज करा.

“झालं मग. जिंकले.”

“थांबा. ९०व्या मिनिटाला चेन्नईचा हल्ला अडवताना चेंडू कट्टीमणीकडूनच आपल्या गोलात गेला.”

जिभाऊ काहीच बोलले नाहीत.

“आणि दोन मिनिटांत मेंडोझाने तिसरा मारला. चेन्नई ३-२.”

“दोन पेनल्ट्या अडवणारा?” वहिनी म्हणाल्या. “त्याच्याच हातून? अरे देवा. त्या पोराला घरी कोणी जेवायला वाढलं असेल ना नीट?”

कागदावर तो स्वयंगोल कट्टीमणीच्या नावावर लागला, आणि आधीच्या दोन बचावांचं नाव कोणी घेत नाही. मला विचाराल तर त्या दिवशीचा सामन्याचा मानकरी तोच होता. मातेराझ्झी शिट्टी वाजताच धावत सुटला. बर्लिनची फायनल त्याने खेळून मारली होती, ही बाकाजवळ उभं राहून. समोर गोव्याकडून ब्राझीलचा लुसिओ होता. २०१०मध्ये इंटर मिलानने इटलीची लीग, इटलीचा चषक आणि युरोपचा चषक असे तिन्ही एकाच वर्षी घेतले, तेव्हा हे दोघे एकाच संघात होते.

मॅच संपली, पण रात्र संपली नाही. चेन्नईचा ब्राझिलियन कप्तान एलानो याला गोवा पोलीस घेऊन गेले. गोव्याच्या एका मालकाशी झटापट केल्याची तक्रार होती. मग जामिनावर सुटला. हे ऐकून वहिनींचा भावकीचा सिद्धांत आणखीच पक्का झाला. त्या तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होत्या.

“बरं, पुण्याच्या संघाचं काय झालं?” जिभाऊंनी विचारलं.

बंद पडला. २०१९मध्ये एफसी पुणे सिटीचा गाशा गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. दिल्लीचा संघ त्याच वर्षी उठून ओडिशाला गेला. त्रेझेगे पुण्यात खेळला होता, हे आता पुण्यातल्या पोरांनाही सांगावं लागतं. नावं मोठी आणली, पण मुळं लावली नाहीत, असं माझं मत. जिभाऊंना ते फारसं रुचलं नाही. त्यांचं लक्ष कधीच दुसरीकडे गेलं होतं. मोबाइलवर इटलीचा कप्तान कान्नावारो चषक उंचावत होता, आणि त्यांनी चित्र तिथेच थांबवलं होतं.

“मास्तर, हाऊ कप शे का? त्यामा पानी मावस का?”

मावत नाही. दोन माणसं पृथ्वीचा गोल उचलतात असा तो घाट आहे. मिलानचा शिल्पकार सिल्व्हिओ गाझ्झानिगाने तो १९७१मध्ये केला आणि तिथल्याच बेर्तोनी कारखान्यात तो घडला. उंची ३६.८ सेंटिमीटर, वजन ६ किलो १७५ ग्रॅम, सोनं १८ कॅरेटचं. जिभाऊंनी बोटांनी हवेत उंची धरली, वजनाचा आकडा परत विचारला आणि निकाल दिला, “पोकळ शे.” भरीव असता तर एवढ्या उंचीचं सोनं एकट्याच्या हाती डोक्यावर गेलंच नसतं, म्हणाले. जाणकारही हेच सांगतात. ते आकडेमोड करून सांगतात, जिभाऊंनी नुसतं बघून सांगितलं.

चषकाच्या बुडाला हिरव्या दगडाचे दोन पट्टे आहेत, मॅलाकाइटचे. मॅलाकाइट म्हणजे तांब्याचंच खनिज, हे सांगितल्यावर जिभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग मी शेवटचं पान टाकलं. सोन्याचा चषक फिफा स्वतःजवळ ठेवते. जिंकलेल्या देशाला कायमची मिळते ती प्रतिकृती काशाची, वरून सोन्याचा मुलामा. याच्या आधीचा चषक, ज्यूल रिमेचा, ब्राझीलला १९७०मध्ये कायमचा दिला गेला आणि १९८३मध्ये रिओतून चोरीला गेला, तो परत मिळालाच नाही. आणि त्या टकरीचाही पुतळा झाला, तो पण काशाचाच. अदेल अब्देस्सेमेद नावाच्या कलावंताने केला, पाच मीटरहून उंच. २०१२मध्ये पॅरिसला मांडला, मग कतारच्या दोहात नेला. तिथे लोक चिडले म्हणून उचलला आणि २०२२च्या विश्वचषकाच्या वर्षी परत बसवला.

“म्हणजे इटलीवाल्यांनी घरी नेलं ते कासं,” जिभाऊ म्हणाले. “तांबं आणि कथील. आपलंच काम की!”

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते तुमच्यापर्यंत पोचवायचं कबूल केलंय, म्हणून लिहितो. गावोगावच्या कबड्डी-क्रिकेटच्या स्पर्धांना बाजारातून प्लॅस्टिकवर सोनेरी कागद चिकटवलेले कप आणतात, वर्षात त्यांचा कान तुटतो आणि मग ते पोरांच्या शाळेत खडू ठेवायला जातात. पुढची स्पर्धा भरवाल तेव्हा तसं करू नका. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या पुढे सोनगीर आहे. तांबट आळीत या, माप सांगा, पितळेचा ठोकून घ्या. पाणीही मावेल.