जन्माआधीच आठ बळी

बरखेड्याचं क्वार्टर सोडताना बाबांनी बीएचईएल कारखान्याला किल्ल्या दिल्या आणि मला एक गंजका बिस्किटांचा डबा. आत माझी क्रिकेटची कार्डं. काही बिग फनच्या बबलगममधली, काही विजय मार्केटातून घेतलेल्या ट्रंप कार्डांची. या कार्डांपायी मी इतका गम चघळला, की आईला वाटे माझं तोंड रात्री झोपेतही चालतं.

परवा वाचलं, की अमेरिकेत मिकी मँटलचं 1952 सालचं बेसबॉल कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना गेलं. तत्क्षणी लॅपटॉप उघडला. एक्सेलमध्ये दहा लाखांवर ओळी असतात. माझ्या डब्याला पुरल्या असत्या. रकाने आखले: खेळाडू, सर्वोच्च धावा, सर्वोत्तम गोलंदाजी, अवस्था. ‘अवस्था’मध्ये ‘कोपरा कुरतडलेला’, ‘हळदीचा डाग’, ‘मिशी काढलेली (पेनाने)’ अशा नोंदी पडू लागल्या. कोटींचा आकडा तिथेच थोडा खाली आला.

मग आपल्या मध्य प्रदेशचा नरेंद्र हिरवानी. मद्रासला 1988 मध्ये पदार्पणातच 16 बळी! मी अभिमानाने त्यातल्या एका डावाचं 8/61 टाइप केलं, एंटर दाबलं, आणि एक्सेलने लिहिलं: ऑगस्ट 61. हिरवानी जन्मला 1968 मध्ये. कपिलचे 9/83 झाले सप्टेंबर 83. साल योगायोगाने बरोबर, पण अहमदाबादची ती कसोटी नोव्हेंबरातली. कुंबळेचे 10/74 म्हणजे ऑक्टोबर 74, तेव्हा तो पोरगा चार वर्षांचा. आणि कपिलची 175*? त्या चांदणीमुळे एक्सेलने तिला आकडाच मानलं नाही. टनब्रिज वेल्सच्या त्या खेळीचं चित्रीकरण तसंही नाही. आता हिशेबातूनही गेली.

बाबा मागे उभे राहून बघत होते. उभी नोकरी त्यांनी स्टोअर्समध्ये काढली. म्हणाले, “ऑगस्ट 61? तेव्हा इथे कारखानाच नुकता उभा राहिला होता रे. कोण टाकत होतं बॉल?”

आकड्याआधी एक वरचा स्वल्पविराम, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, टाकली की हे थांबतं, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून एक जाड पुठ्ठा काढला. बिन कार्ड! आवक, जावक, शिल्लक. स्टोअर्समध्ये प्रत्येक नटबोल्टाला ते असायचं म्हणे.

“जावक सांग.”

“जावक कसली, बाबा?”

“पिपलानीच्या त्या पोराला अझरुद्दीन दिला होतास ना, दोन कंच्यांच्या बदल्यात? आठवड्याभर घर डोक्यावर घेतलं होतंस.”

संध्याकाळपर्यंत आम्ही डबा मोजला. माझ्या शीटमध्ये 212. पुठ्ठ्यावर 211. पुन्हा मोजला, 211. गावसकर मी दोनदा चढवला होता.

बाबांनी पेन पुढे केलं. “मोजून घेतलंस ना? कर सही.”