राईचा पर्वत : ईमेलची अक्षरं मोठी करण्याची प्राथमिक पुस्तिका

ज्यांना ईमेल येतात पण दिसत नाहीत, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसू लागतं, हे कोपऱ्यावरचा चष्मेवालाही सांगेल. पडद्यावरच्या अक्षरांचा आकार ठरवणारी मंडळी मात्र बहुधा पंचविशीतली असावीत.

साहित्य : संगणक एक, माउस एक, चष्मा एक (आधी कपाळ चाचपावं), आणि फोन उचलणारा भाचा किंवा भाची. भाचा परदेशात असल्यास तिथे किती वाजलेत ते बघून घ्यावं. नाही बघितलं तरी तो उचलेल, पण आवाजात फरक पडतो.

पायरी पहिली. अक्षर कोणासाठी मोठं करायचंय ते ठरवा.

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढचे सगळे घोटाळे इथूनच सुरू होतात. आलेली पत्रं आपल्याला मोठी दिसावीत, ही एक गोष्ट. आपण पाठवलेलं पत्र समोरच्याला मोठं दिसावं, ही अगदी वेगळी. प्रोग्रामला दोन्ही येतं, पण आपण यातलं नेमकं काय करतोय हे तो मेला कधी सांगत नाही. एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी घ्या. त्यांना आलेले मेल वाचता येत नाहीत. ते नवा मेल लिहायच्या चौकटीत जातात, खालच्या पट्टीवरचं एक लहान टी आणि एक मोठा टी असं चिन्ह दाबतात. स्मॉल, नॉर्मल, लार्ज आणि ह्यूज अशी यादी उघडते. ते ह्यूज निवडतात, समाधानाने हात चोळतात आणि ‘रविवारी टाकी धुणार, पाणी बंद’ अशी सूचना सगळ्या बिऱ्हाडांना धाडतात. आलेले मेल होते तेवढेच बारीक राहतात. इकडे सगळी इमारत एकमेकांना विचारत बसते, सेक्रेटरी एवढे का चिडलेत?

पायरी दुसरी. आपल्यापुरतं मोठं करणं.

जीमेल ब्राउझरमध्ये उघडत असाल, तर जीमेलच्या सेटिंगमध्ये शिरू नका. तिथे वाचण्याच्या अक्षराचा आकार ठेवलेलाच नाही. हे काम ब्राउझरचं. डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि अधिकचं बटण टिचकी मारल्यासारखं दाबायचं. फोनवर हे असं होतं :

‘मामा, कंट्रोल दाबा.’
‘दाबला.’
‘आता अधिक दाबा.’
‘अधिक? आधीच एवढा जोरात दाबलाय!’
‘तसं नाही हो. अधिकचं चिन्ह. बेरजेचं.’
‘बरं. हा सोडला कंट्रोल, आणि हे अधिक.’
‘सोडायचा नाही!’

सोडायचा नाही, एवढंच या पायरीचं सार. क्रोममध्ये शंभरावरून एकशेदहा, मग एकशेपंचवीस, मग दीडशे अशा उड्या पडतात आणि पाचशे टक्क्यांवर पर्वत संपतो. पाचशेला एका वेळी एखादा शब्द दिसतो, तो मात्र अगदी स्वच्छ. परत मूळपदावर यायला कंट्रोल आणि शून्य. शून्य म्हणजे अंकातलं शून्य, इंग्रजी ओ नव्हे. ओ दाबलात तर फाइल उघडण्याची खिडकी येईल आणि भाच्याला पुन्हा फोन करावा लागेल. मॅक असल्यास कंट्रोलच्या जागी कमांड. बाकी मामा तेच, भाचाही तोच.

अधिकचं चिन्ह कीबोर्डच्या वरच्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या डोक्यावर बसलेलं असतं. म्हणून हुशार माणसं शिफ्टही दाबतात. ती हुशारी इथे नको. जीमेलमध्ये पत्र लिहिण्याच्या चौकटीत कर्सर असताना कंट्रोल, शिफ्ट आणि अधिक हे त्रिकूट एकत्र दाबलं, की आपल्या डोळ्यांपुरतं नव्हे तर पत्रातलंच अक्षर वाढतं. म्हणजे स्वतःची सोय आणि दुसऱ्याची गैरसोय यांच्यात फक्त एका शिफ्टचं अंतर आहे.

वाढवलेला आकार ब्राउझर त्या त्या संकेतस्थळापुरता लक्षात ठेवतो. मेल मोठा दिसतोय म्हणून वर्तमानपत्रही मोठं दिसेल अशी आशा धरू नये. आणि कंट्रोलवर मनगट टेकलेलं असताना माउसचं चाक फिरलं, तर मजकूर क्षणात मुंगीएवढा होतो. अशा वेळी घरात ‘व्हायरस आला’ अशी आरोळी उठते. व्हायरस नाही. मनगट उचला, कंट्रोल-शून्य.

आउटलुकवाल्यांचं दुखणं निराळं. जुन्या, म्हणजे संगणकावर बसवलेल्या आउटलुकमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात टक्क्यांचा आकडा असतो. तो सरकवून पत्र मोठं होतं. पण पुढचं पत्र उघडलं की गाडं पुन्हा मूळपदावर. यावर कित्येकांनी वर्षानुवर्षं प्रत्येक पत्राला नव्याने सरकवण्याची साधना केली. पुढे त्या आकड्यावर टिचकी मारल्यावर येणाऱ्या चौकटीत ‘ही निवड लक्षात ठेवा’ अशा अर्थाची एक खूण आली. ती करून टाका. एवढं करूनही पत्रांची यादी बारीकच राहते, कारण यादीचं अक्षर वेगळ्या दालनात, ‘व्ह्यू सेटिंग्ज’च्या पोटात ठेवलंय. थंडरबर्डमध्ये चित्रं तशीच ठेवून नुसता मजकूर वाढवायची सोय आहे. ही सोय करणाऱ्या माणसाला वयस्कर आई असावी, असा माझा कयास आहे.

पायरी तिसरी. पत्र मराठीत असल्यास.

इंग्रजी वाचताना निभावलेला आकार मराठीला पुरत नाही. याला डोळे जबाबदार नाहीत. रोमन अक्षराला वर एक दांडी आणि खाली एक शेपटी एवढाच पसारा. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये ‘राष्ट्र’मधल्यासारखी जोडाक्षरं. तेवढ्याच उंचीत हे सगळं कोंबायचं, म्हणजे मुख्य अक्षराने अंग चोरून बसणं आलं. विंडोजबरोबर वर्षानुवर्षं आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरांत मुरलेल्या माणसाने घडवला, तरी अकरा पॉइंटात जागा मिळून मिळणार किती? पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग.

मग अशी पत्रं वाचली जातात : ‘वीजबिल मरणा केंद्र’. भ आणि म यांच्यात शिरोरेषेतली एवढीशी फट काय ती, ती दिसली नाही की ग्राहकाचा जीव जातो. ध आणि घ यांचं भांडणही तेच, त्यामुळे ‘धन’ आलंय की ‘घन’ हे बँकेत जाऊनच कळतं. ‘पार्सल रवाना केले’ हे तर बारीक अक्षरात ‘पार्सल खाना केले’ असं हमखास दिसतं आणि कुरिअरवाल्यावर नसता आळ येतो. नियम सोपा ठेवा : इंग्रजीला जेवढं, त्याच्या दोन टिचक्या वर मराठीला.

पायरी चौथी. समोरच्यासाठी मोठं करणं.

शक्यतो करू नका. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकातून शेजारच्या संगणकात पहिला ईमेल पाठवला, तेव्हा त्या पत्राबरोबर आकार असा काही गेलाच नव्हता. नुसती अक्षरं गेली; ती केवढी दिसायची ते घेणाऱ्याच्या यंत्रावर. आजही ‘प्लेन टेक्स्ट’ निवडलं की तसंच जातं. पुढे सजवलेली पत्रं आली आणि लिहिणारा वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा कारभार पाहू लागला. ह्यूजमधलं पत्र म्हणजे कानाशी येऊन ओरडणं, आणि स्मॉलमध्ये, तेही फिकट करड्या रंगात पाठवलेलं पत्र हे बहुतेक वेळा अटी-नियमांचं असतं. ते लहान ठेवण्यात त्यांचा हेतू असतो, तेव्हा तुम्ही ते दीडशे टक्के करून सावकाश वाचावं हेच उत्तम.

तरीही आजोबांना पत्र लिहायचंय आणि त्यांना कंट्रोल धरता येत नाही, अशी खरी अडचण असेल तर जीमेलच्या दातेरी चाकावर टिचकी मारा, ‘सगळ्या सेटिंग्ज’मध्ये जा, ‘जनरल’ या पहिल्याच पानावर मजकुराची नेहमीची शैली बदला. लार्ज पुरे. आणि आता घाईने बाहेर पडू नका. ते पान लांबच लांब असतं आणि ‘सेव्ह चेंजेस’ हे बटण थेट तळाशी आहे. तिथवर न पोचल्याने किती लार्ज परत नॉर्मल झाले असतील, देव जाणे.

दुसऱ्या फाइलमधून मजकूर उचलून चिकटवला, तर तो स्वतःचा आकार घेऊन येतो आणि पत्र निम्मं लहान, निम्मं मोठं होतं. चिकटवताना कंट्रोल आणि व्ही यांच्या जोडीला शिफ्ट दाबा, म्हणजे मजकूर रिकाम्या हाताने येईल. होय, तोच शिफ्ट. इथे चालतो.

पायरी पाचवी. गोपनीयता.

दोनशे टक्क्यांवर आलेलं पत्र स्वयंपाकघराच्या दारातून वाचता येतं. बहिणीच्या वाटणीचं, डॉक्टरांच्या रिपोर्टचं, मुलीच्या स्थळाचं, सगळंच. तेव्हा उजव्या हाताने चहाचा कप धरून, डाव्या हाताच्या करंगळीने कंट्रोल धरून ठेवण्याचा सराव करावा. पावलं वाजली की कप खाली आणि वजाच्या तीन टिचक्या. विचारलंच कोणी, तर ‘काही नाही, टाकी धुणार आहेत’ असं सांगावं.